बिंबाणूंचा संयम

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांतून आणि त्यांच्याही पलीकडून मुले लातूर व नांदेड या दोन शहरांत येऊन राहतात, आणि तेथील कोणत्याही वर्गात रक्त कसे गोठते असा प्रश्न केला, तर उत्तर देताना क्वचितच कोणी अडखळते: जखम झाली की थ्रोम्बोकायनेज निर्माण होते, ते प्रोथ्रोम्बिनचे थ्रोम्बिन करते, थ्रोम्बिन फायब्रिनोजेनचे फायब्रिन करते, आणि फायब्रिनच्या तंतूंत रक्तपेशी अडकून गुठळी होते. हे उत्तर खरे आहे आणि परीक्षेपुरते पुरेसेही आहे. परंतु या तंतूंचे जाळे विणले जाण्यापूर्वीच जखमेचे तोंड पहिल्याप्रथम बुजवतात ते बिंबाणू, आणि त्या बिंबाणूंनी एकमेकांस धरून ठेवण्याचे काम ज्या एका प्रथिनाकडे सोपवलेले आहे, त्याचा उल्लेख या उत्तरात कोठेच येत नाही. वैद्यकाच्या ग्रंथांत ते ‘ग्लायकोप्रोटीन टू-बी थ्री-ए’ या रूक्ष नावाने, आणि अलीकडच्या परिभाषेत ‘इंटेग्रिन आल्फा-टू-बी बीटा-थ्री’ या त्याहूनही रूक्ष नावाने नोंदलेले आहे; या लेखापुरते आपण त्यास ‘टू-बी थ्री-ए’ एवढेच म्हणू. त्याची कैफियत ऐकण्याजोगी आहे, कारण ते जन्मतः नसले तर काय होते, सर्पविष त्याच्या वाटेत आले तर काय होते, आणि वैद्याने ते मुद्दाम अडवले तर काय होते, या तिन्ही प्रश्नांचा संबंध गोदावरी-मांजरेच्या या मुलखाशी पोचतो.

बिंबाणू म्हणजे ज्यांस दवाखान्यात प्लेटलेट आणि घरोघरी नुसते ‘पेशी’ म्हणतात ते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात डेंग्यूची साथ आली म्हणजे ‘पेशी किती राहिल्या’ हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी असतो आणि प्रयोगशाळेच्या कागदावरील आकड्याकडे सारे कुटुंब डोळे लावून बसते. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने मात्र त्या संपूर्ण पेशी नव्हेत. अस्थिमज्जेत ज्या महाकाय पेशी असतात, त्यांच्या कायेचे सुटून रक्तात आलेले ते तुकडे होत, असे १९०६ साली अमेरिकेतील जेम्स होमर राइट यांनी दाखवून दिले. त्यांस केंद्रक नसते. व्यास अवघा दोन-तीन मायक्रोमीटर. आयुष्य सात ते दहा दिवसांचे. आणि निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्यांची संख्या साधारणतः दीड लाख ते साडेचार लाख. राइटच्याही आधी, १८८२ साली, इटलीतील ट्यूरिनचे ज्युलिओ बिझोझेरो यांनी जिवंत प्राण्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांस इजा केली, तेव्हा इजेच्या जागी सर्वांत आधी येऊन चिकटतात ते हे क्षुद्र कण, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. पण ते कशाने चिकटतात, याचा उलगडा होण्यास पुढे सुमारे शंभर वर्षे जावी लागली.

आज त्या उलगड्याचा क्रम बराचसा स्पष्ट झाला आहे. रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटले की त्याखालील कोलॅजेन हे प्रथिन उघडे पडते, आणि रक्तद्रवात वाहणारा व्हॉन विलेब्रँड घटक त्यावर येऊन बसतो. धमनीतून वेगाने वाहत जाणाऱ्या बिंबाणूस या घटकाच्या आधाराने थोपवून धरण्याचे काम त्याच्या पृष्ठभागावरील ‘ग्लायकोप्रोटीन वन-बी’ हे दुसरे प्रथिन करते. थांबलेल्या बिंबाणूचा कोलॅजेनशी प्रत्यक्ष संबंध आला की त्याच्या अंतरंगात मोठी उलथापालथ होते. त्याचा आकार बदलतो, आणि तो एडीपी व थ्रॉम्बॉक्सेन ही द्रव्ये बाहेर सोडून शेजारून जाणाऱ्या बिंबाणूंसही जागे करतो. येथवरचे सारे काम भिंतीस चिकटण्याचे आणि वर्दी देण्याचे झाले. बिंबाणूने बिंबाणूस धरावयाचे, तर तेथे टू-बी थ्री-ए वाचून गत्यंतर नाही.

हे प्रथिन दोन शृंखलांचे असते, आणि एकेका बिंबाणूच्या पृष्ठभागावर त्याचे सुमारे ऐंशी हजार रेणू असतात. इतक्या लहान कणाच्या मानाने ही संख्या विलक्षणच म्हणावी लागेल. ते ज्यास धरते ते द्रव्य म्हणजे फायब्रिनोजेन, जे विद्यार्थ्यांच्या उत्तरात केवळ फायब्रिनचा कच्चा माल म्हणून येते. फायब्रिनोजेनचा रेणू लांबट असून त्याची दोन्ही टोके सारखी असतात. पालखीचा एकच दांडा पुढून एका भोयाने आणि मागून दुसऱ्याने खांद्यावर घ्यावा, तसा हा एकच रेणू एका टोकास एका बिंबाणूचे आणि दुसऱ्या टोकास दुसऱ्या बिंबाणूचे टू-बी थ्री-ए धरते. असे हजारो रेणू हजारो बिंबाणूंच्या मध्ये आले की क्षणार्धात त्यांचा एकजीव पुंजका होतो आणि जखमेचे तोंड बुजते. मग थ्रोम्बिन आणि फायब्रिन यांचा सारा खटाटोप या पुंजक्याच्या आधाराने आणि त्यास पक्केपणा आणण्यासाठी चालतो.

येथे एक शंका सुज्ञ वाचकाच्या मनात सहजच उभी राहील. रक्तद्रवाच्या प्रत्येक लिटरमध्ये दोन ते चार ग्रॅम फायब्रिनोजेन अहोरात्र वाहत असते. त्याच द्रवात प्रत्येक बिंबाणू आपल्या अंगावर ऐंशी हजार हात घेऊन फिरत असतो. मग जखम नसतानाच सारे रक्त शिरांतल्या शिरांत थिजून का जात नाही? याचे उत्तर असे की विश्रांतीच्या अवस्थेत टू-बी थ्री-ए मिटलेले असते. त्याचा बाहेरचा भाग कमरेत वाकून बिंबाणूच्या पृष्ठभागाशी लवलेला असतो, आणि त्या स्थितीत फायब्रिनोजेन शेजारून गेले तरी ते त्यास धरू शकत नाही. या प्रथिनाच्या एका सहोदराची स्फटिकरचना २००१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा हे वाकलेले रूप पाहून अभ्यासकही चकित झाले होते. जखमेची वर्दी बिंबाणूच्या अंतरंगात पोचली म्हणजे टॅलिन आणि किंडलिन ही आतील प्रथिने टू-बी थ्री-एच्या आत शिरलेल्या शेपटाशी संलग्न होतात, आणि त्या आतल्या हालचालीने बाहेरचा भाग ताठ उभा राहून धरण्याची जागा उघडतो. आतून आलेल्या हुकमावाचून बाहेर काही करावयाचे नाही, हा त्याचा दस्तूर आहे. हुकूम बजावून झाल्यावर त्याची उलट खबरही आत जाते, आणि मग बिंबाणू आपले आकुंचन करून सारी गुठळी घट्ट आवळून घेतो. धरण्याच्या शक्तीपेक्षा न धरण्याची ही शिस्तच या प्रथिनाचा खरा गुण होय, असे मला वाटते; आणि पुढे जे सांगावयाचे आहे त्यावरून हे मत वाचकांस अतिशयोक्त वाटणार नाही अशी आशा आहे.

प्रथम ज्यांच्या अंगी हे प्रथिन नसते त्यांचा विचार करू. स्वित्झर्लंडमधील बर्नचे बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी १९१८ साली अशा काही मुलांचे वर्णन केले, ज्यांच्या रक्तातील बिंबाणूंची संख्या यथास्थित होती, आणि तरीही ज्यांचा रक्तस्राव लवकर थांबत नसे. त्यांच्या रक्ताची गुठळी परीक्षानळीत झाली तरी ती नेहमीसारखी आक्रसत नाही, ही त्यांची बारीक नजर त्या काळच्या तुटपुंज्या साधनांचा विचार करता खरोखरच कौतुकास्पद आहे. १९४८ साली पॅरिसमध्ये झाँ बर्नार आणि झाँ-पिएर सूलिए यांनी त्याच्याच जवळचा, परंतु निराळा एक विकार नोंदवला. त्यात बिंबाणू आकाराने फार मोठे असतात आणि उणीव असते ती भिंतीस धरणाऱ्या वन-बीची. ग्लान्झमानच्या रोग्यांत उणीव नेमकी कशाची, याचा शोध १९७४ साली पॅरिसमध्येच अ‍ॅलन नर्डेन आणि जाक काँ यांनी लावला. बिंबाणूंच्या पृष्ठभागावरील प्रथिने विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने वेगवेगळी करून पाहिली असता, निरोगी माणसात दिसणारे एक प्रथिन या रोग्यांत त्यांस आढळले नाही. ग्लान्झमानच्या मुलांस छप्पन्न वर्षांनी कारण मिळाले.

अशा मुलाचे नाक फुटले की तासन्‌तास थांबत नाही. दात पडताना किंवा काढताना हिरडीतून रक्त वाहत राहते. किंचित लागले तरी अंगावर काळेनिळे डाग उमटतात. आणि मुलगी असेल तर पहिल्याच ऋतुप्राप्तीच्या वेळी इतका स्राव होतो की प्रसंगी तो जिवावर बेतावा. आई-बाप मुलास दवाखान्यात नेतात, रक्त तपासले जाते आणि कागदावर बिंबाणूंचा आकडा येतो दोन-अडीच लाख, म्हणजे अगदी निर्दोष. डेंग्यूने आपल्या सर्वांस आकडा पाहण्याची जी सवय लावली आहे, ती येथे दिशाभूल करते, कारण या विकारात बिंबाणूंची संख्याही पुरेशी असते आणि आकारही नेहमीचा असतो. त्यांस केवळ एकमेकांस धरता येत नाही. हे ओळखण्याची एक रीत लंडनमध्ये संशोधन करणारे गुस्ताव्ह बोर्न यांनी १९६२ साली घालून दिली: बिंबाणूंच्या गढूळ द्रवातून प्रकाश सोडावयाचा, त्यात एडीपी घालावयाचे, आणि पुंजके होऊन द्रव निवळतो की नाही ते मोजावयाचे. ग्लान्झमानच्या विकारात तो निवळत नाही. दुसरी अधिक थेट रीत म्हणजे सीडी-४१ व सीडी-६१ या खुणांवर बसणारी प्रतिद्रव्ये वापरून टू-बी थ्री-एच्या दोन्ही शृंखला जागेवर आहेत की नाहीत याची रुजुवात घेणे.

अशा तपासण्या प्रत्येक गावी होणे शक्य नसते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, ती १९५७ साली रक्तगटांच्या संदर्भकेंद्राच्या रूपाने सुरू झाली. त्याआधी पाचच वर्षे, १९५२ साली, डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे रक्तगट’ मुंबईतच शोधून काढला होता. पुढे या संस्थेच्या कामाची व्याप्ती वाढत जाऊन आनुवंशिक रक्तस्रावाच्या विकारांचे निदानही तेथे होऊ लागले. देवगिरी एक्स्प्रेसने नांदेडहून किंवा रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीने निघून सकाळी दादर-परळ गाठणाऱ्या मराठवाड्यातील रोग्यांस केईएमचा तो परिसर अपरिचित नाही.

हा विकार जगात अत्यंत विरळा आहे. पण तो सर्वत्र सारखा विरळा नाही. या प्रथिनाच्या दोन शृंखलांची दोन जनुके सतराव्या गुणसूत्रावर असतात, आणि विकार होण्यास एकाच जनुकाची आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली अशा दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. ज्याची एकच प्रत सदोष असते त्याच्या अंगी प्रथिन सुमारे निम्मे असते, पण तेवढ्याने काम भागते, आणि तो वाहक आहे याचा पत्ता त्यास आयुष्यभर लागत नाही. असे दोन वाहक पतिपत्नी झाले तर प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता चारांत एक एवढी असते. परक्या घराण्यांतून आलेल्या दोघांत एकच दुर्मीळ दोष असणे हा निव्वळ योगायोग. पण एकाच आजा-आजीची नातवंडे परस्परांशी विवाहबद्ध झाली, तर सरासरीने त्यांच्या जनुकांचा आठवा हिस्सा सामाईक असतो, आणि मामा-भाचीचा विवाह झाला तर चौथा.

मराठवाड्याच्या वाचकास या गणिताचा अर्थ विस्ताराने सांगावयास नको. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानण्याची वहिवाट येथे जुनी आहे, मुसलमान समाजात चुलत भावंडांतही विवाह होतात, आणि देगलूर-बिलोलीकडे तेलुगू मुलखाच्या व निलंगा-उदगीरकडे कानडी मुलखाच्या शेजारामुळे मामा-भाचीच्या सोयरिकीही ऐकिवात आहेत. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. भाषावार पुनर्रचनेने हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा जमाबंदीची दफ्तरे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेली, पण नातीगोती होती तेथेच राहिली. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेच्या व दक्षिणेच्या विवाहपद्धतींचा संगमप्रदेश असल्याचे साधार दाखवले आहे: उत्तरेत मामेबहिणीशी विवाह निषिद्ध, दक्षिणेत तो इष्ट, आणि महाराष्ट्रात मामाची मुलगी चालते पण आत्याची मुलगी अनेक जातींत चालत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने असे संबंध निषिद्ध ठरवले खरे, पण जेथे रूढीची मान्यता असेल तेथे अपवादही ठेवला. या रूढीत घराण्यांचा विश्वास, जमिनीचा सांभाळ आणि मुलीची सुरक्षितता यांचा विचार होता, हे विसरून तिला नुसते अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. आणि अशा विवाहांतील बहुसंख्य अपत्ये निरोगीच निपजतात, हेही तितकेच खरे. पण ज्या घरात हा दोष एकदा शिरला, त्या घरातील पुढची सोयरीक पुन्हा त्याच घरात झाली, तर तो दोष पिढ्यान्‌पिढ्या लपून राहण्याऐवजी मुलाच्या रक्तात उघडा पडतो, याला रूढीचा कोणताही युक्तिवाद उत्तर देऊ शकत नाही.

दुसरा प्रसंग विषाचा. दख्खनच्या कोरड्या, मुरमाड माळांवर, आणि म्हणून बालाघाटाच्या उतारांवरही, फुरसे या नावाचा लहानसा सर्प राहतो. लांबीने हातभरही नसणारा हा प्राणी डिवचला गेला असता वेटोळ्यात वेटोळे घालून अंगावरचे खवले एकमेकांवर घासतो आणि करकर असा आवाज करतो. त्याच्या दंशानंतर काही तासांत हिरड्यांतून, जुन्या जखमांतून आणि लघवीतून रक्त येऊ लागते. त्याचे मुख्य कारण असे की विषातील एक विकर प्रोथ्रोम्बिनचे सरसकट थ्रोम्बिन करत सुटते, अंगभर अवेळी आणि अस्थानी गोठण्याची क्रिया चालते, आणि त्यात फायब्रिनोजेनचा साठाच संपून जातो. मग प्रत्यक्ष जखमेस देण्यास काही उरत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात याची परीक्षा अत्यंत साध्या रीतीने होते: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यावयाचे, वीस मिनिटे हलवावयाचे नाही, आणि मग नळी तिरकी करून पाहावयाची, रक्त ओघळले तर प्रतिविष द्यावयाचे. प्रतिविष दिल्यावरही यकृतास नवे फायब्रिनोजेन घडवण्यास काही तासांची मुदत लागते, म्हणून हीच परीक्षा पुन्हा करावी लागते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर उतारा असलेले हे प्रतिविष तयार करण्याच्या कामात परळच्या हाफकिन संस्थेचा वाटा मोठा आहे.

त्याच विषात दुसरेही एक द्रव्य असते, ज्याचे प्रमाण थोडे पण कौशल्य अजब. एकिस्टॅटिन या नावाचे हे प्रथिन अवघ्या ४९ अमिनो आम्लांचे आहे, आणि त्याच्या एका टोकदार वळणावर आर्जिनीन, ग्लायसीन व अस्पार्टिक आम्ल हे त्रिकूट असे मांडलेले असते की ते टू-बी थ्री-एच्या धरण्याच्या जागेत चपखल बसते. ती जागा एकदा व्यापली की फायब्रिनोजेन येऊन उपयोग नाही. म्हणजे ग्लान्झमानच्या मुलांत जे जन्मतः असते, ते हे द्रव्य घडीभरात घडवून आणते. १९८८ साली मर्क या अमेरिकी औषधकंपनीच्या संशोधकांनी एकिस्टॅटिनची रचना प्रसिद्ध केली, आणि त्या वळणाचे अनुकरण करणारा एक लहान रेणू रसायनशाळेत घडवला. टायरोफिबान नावाच्या त्या औषधास १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधी चार वर्षे, बॅरी कॉलर यांनी तयार केलेल्या प्रतिद्रव्यापासून निघालेले अ‍ॅब्सिक्सिमॅब हे याच प्रथिनास अडवणारे पहिले औषध बाजारात आले होते.

निरोगी माणसाच्या बिंबाणूंस मुद्दाम दुर्बळ करण्याची ही गरज कोठून आली? हृदयाच्या धमनीत वर्षानुवर्षे साचलेला मेदाचा थर एके दिवशी तडकतो. बिंबाणूंच्या लेखी ती जखमच असते. ते आपल्या कर्तव्यास चुकत नाहीत, आणि ज्या पुंजक्याने शेतात विळा लागलेल्या बोटाचा जीव वाचवला असता, तोच पुंजका धमनी बंद करून हृदयाचा झटका आणतो. टू-बी थ्री-एने येथे कोणताही गुन्हा केलेला नसतो. त्यास मिळालेली वर्दी खरी होती, फक्त जागा भलती होती. लातूर-नांदेडातही आता नित्याची झालेली अँजिओप्लास्टी करताना धमनीत गुठळी फार असेल, तर वैद्य काही तासांपुरते टायरोफिबान शिरेतून देतात. त्याचा अंमल लवकर उतरतो आणि बिंबाणू पुन्हा पूर्ववत होतात. रोजच्या सेवनासाठी जी औषधे असतात, त्यांचा मार्ग निराळा आहे: अ‍ॅस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन तयार होऊ देत नाही, आणि क्लोपिडोग्रेल एडीपीची वर्दी बिंबाणूच्या कानावर पडू देत नाही. ती टू-बी थ्री-एस हात न लावता त्यास मिळणाऱ्या हुकमांपैकी काही अडवतात.

मग हुकूम अडवण्यापेक्षा मूळ प्रथिनच रोज गोळी देऊन अडवले तर अधिक चांगले नाही काय, असा विचार औषधकंपन्यांनी केला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा अनेक गोळ्यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या. निकाल विपरीत लागला: गोळी घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण घटण्याऐवजी वाढले, आणि ती सारी तजवीज सोडून द्यावी लागली. रक्तस्राव वाढणे हे एक कारण होतेच. पण अभ्यासकांनी दुसरेही एक कारण पुढे केले आहे, ते असे की फायब्रिनोजेनचे सोंग घेऊन धरण्याच्या जागेत बसणारा रेणू त्या प्रथिनास उघडण्याचीच सवय लावतो, आणि औषधाचे प्रमाण रक्तात उतरले म्हणजे उघडे राहिलेले ते हात खऱ्या फायब्रिनोजेनला धरण्यास मोकळे होतात. ज्या मिटण्यावर सारी सुरक्षितता अवलंबून होती, तेच औषधाने बिघडवले. एखाद्या प्रथिनाची शक्ती काढून घेणे आणि त्याचा संयम राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा इतका खर्चिक पुरावा वैद्यकाच्या इतिहासात थोडाच सापडेल.

या साऱ्यातून सामान्य कुटुंबाने घ्यावयाचा बोध फार थोडा आणि फार व्यवहारी आहे. ज्याच्या हृदयात स्टेंट बसवला आहे, त्याने आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. ज्या मुलाचा रक्तस्राव वारंवार होतो, त्याच्या बिंबाणूंचा आकडा चांगला आला म्हणून समाधान मानू नये. ते काम करतात काय, याची चौकशी करावी, आणि तोवर त्यास अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके देऊ नयेत. विकार ठरलाच, तर जागेवर दाब देणे, ट्रॅनेक्झामिक आम्ल आणि गरज पडल्यास रक्तपेढीतील बिंबाणू, असे उपाय आहेत. मात्र रोग्याचे शरीर परक्या टू-बी थ्री-एविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करू शकते, म्हणून बिंबाणू उठल्यासुटल्या चढवावयाचे नसतात. आणि ज्या घरात असे एक मूल झाले आहे, त्या घरी पुढच्या सोयरिकीची बोलणी निघतील तेव्हा, गुण किती जुळतात आणि जमीन किती या चौकशीच्या बरोबरीने, उभय पक्षांत कोणाचे रक्त थांबत नाही काय हेही मोकळेपणाने विचारले जावे, व गरोदरपणापूर्वीच आनुवंशिक सल्ला घेतला जावा. ज्या आजीने आपल्या माहेरच्या एखाद्या भावंडाचे नाक वाहता वाहता मिटलेले आयुष्य पाहिले असेल, तिच्या सांगण्यात पुष्कळदा कोणत्याही तपासणीच्या आधी मिळणारा पुरावा असतो. तो ऐकून घेण्यास खर्च काहीच येत नाही.